ओपन माइक की स्लॅम? मराठवाड्यातल्या नव्या कवीसाठी

ओपन माइकला उभं राहू की स्लॅमला, म्हणजे कवितेच्या स्पर्धेला, असं नव्या कवीनं विचारलं, तर मी आधी ओपन माइक सांगतो. नाव नोंदवायचं, पाळी आली की म्हणायचं, उतरायचं. छत्रपती संभाजीनगरात किंवा नांदेडात एखाद्या कॅफेत पंचवीस-तीस जण जमतात, त्यातले निम्मे आपल्या पाळीची वाट बघणारे कवीच. टाळ्या सगळ्यांनाच मिळतात, हाच त्यातला दोष. दुष्काळावरची माझी एक कविता मी सात-आठदा म्हटली, तेव्हा कुठं लक्षात आलं की तिसऱ्या कडव्याला लोक मोबाइल काढतात. तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

स्लॅममध्ये ते तिथल्या तिथं कळतं. शिकागोच्या ग्रीन मिल क्लबात मार्क स्मिथ या कवीनं १९८६ पासून ही स्पर्धा रुजवली. प्रेक्षकांतलेच पाच परीक्षक, प्रत्येकाकडं शून्य ते दहा गुण. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, त्यानंतर गुण कापले जातात. वाद्य, वेशभूषा, वस्तू काही चालत नाही. आपल्याकडचे आयोजक यात थोडाफार बदल करतात, तेव्हा नियम आधी विचारून घ्या.

आपल्या माणसाला घड्याळच जड जातं. वली दखनी या जुन्या उर्दू कवीच्या या मुलखात मुशायऱ्यात ‘मुकर्रर’, म्हणजे ‘पुन्हा एकदा’, म्हटलं की शेर पुन्हा येतो, जलशातही पालुपदावर लोक सूर धरतात. ओळ परत आली की ती ऐकणाऱ्याच्या अंगात मुरते. स्लॅममध्ये तीच ओळ वेळ खाते. पण काटछाट शिकायची तर दुसरा इतका चांगला गुरू मला भेटला नाही. ते तिसरं कडवं शेवटी स्लॅमसाठीच गेलं.

मला काळजी बोलीची वाटते. पुण्यातल्या एका फेरीआधी मी ‘वाट बघायलोय’चं ‘वाट बघतोय’ केलं. पुढच्या फेरीत गेलो. घरी आईला कविता म्हणून दाखवताना मात्र त्याच ओळीला अडखळलो. ओपन माइकला असा बदल करायची वेळच आली नव्हती.

खर्चाचंही बघा. ओपन माइक संध्याकाळपुरता. मुंबईचा स्लॅम म्हणजे परभणीहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस, आणि पहिल्याच फेरीत बाद झालात तर तीन मिनिटांसाठी दोन रात्री. पाठ असलेल्या, तीन मिनिटांत बसणाऱ्या चार कविता हाताशी असतील तर जरूर जा. एकच असेल तर अजून वर्षभर ओपन माइकलाच उभं राहा.