फोंड्यातलं (गोवा) स्पीच थेरपी क्लिनिक : मॅडमना पाच स्टार, काउंटरला एक

बाबांना मार्चमध्ये स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे आम्ही बोललेलं समजायचं बहुतेक सगळं, पण तोंडातून फक्त "तें, तें". पंखा बंद कर तरी तें, चहा गोड झालाय तरी तें. ह्या क्लिनिकला चार महिने आठवड्याला दोनदा जातोय, सेशनचे ८०० रुपये, तेव्हा थोडं सविस्तरच लिहितो.

पहिल्या दिवशी मला वाटलं चित्रांची कार्डं दाखवून शाळा घेतील. थेरपिस्ट मॅडमनी आधी विचारलं, घरी कुठली भाषा. घरी कोकणी, पेपर मराठी, भजन मराठी. भजन म्हटल्यावर त्या लगेच सावरून बसल्या, काका काय वाजवायचे? टाळ. मग त्यांनी गजर सुरू केला आणि बाबांनी तो अख्खा म्हटला हो, शब्द न चुकता, आणि इकडे माझीच बोबडी वळली. मॅडम म्हणाल्या हुरळून जाऊ नका, पाठ असलेलं गाणं, आकडे, शिव्या ह्या पुष्कळदा शाबूत राहतात, खरं काम पुढे आहे. (शिव्यांचं खरं आहे, त्याबद्दल खाली येतो.) १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे असाच एक पेशंट होता म्हणे, फक्त "टॅन" म्हणायचा, तो गेल्यावर मेंदू बघितला तर डावीकडे पुढच्या भागात इजा. आमचा "तें" तसाच.

मग सुरू झालं ते बाबांचा डावा हात धरून टेबलावर ठोके, एका अक्षराला एक, वर-खाली दोनच सुरांत, "पा-णी-जाय" (जाय म्हणजे कोकणीत हवं). ही पद्धत १९७३ पासूनची आहे, बॉस्टनची. ह्यात सूर काम करतो की ताल यावर तज्ञांचं अजून जुळत नाही, बाबांना तालच लागला असं माझं मत, टाळकऱ्याला दुसरं काय लागणार. तिसऱ्या आठवड्यात "पाणी जाय" घरी आलं, कोणी ठोके न देता.

घरचा अभ्यास मात्र मला आधी पटला नव्हता. शब्द नुसता म्हणायचा नाही, वस्तू हातात द्यायची, ती कृती करायची आणि तेव्हाच शब्द. मॅडमनी कारण सांगितलं, २००४ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी बघितलं की लाथ मारणे, उचलणे, चाटणे असे शब्द माणूस गप्प बसून नुसते वाचतो तरी मेंदूत पाय, हात, जीभ हलवणाऱ्या पट्ट्यांच्या आसपास हालचाल दिसते. ठीक आहे म्हटलं, करून बघू. तर एका सकाळी बाहेर पोदेराचा (पाववाल्याचा) पों पों, बाबा नेहमीसारखे डाव्या हाताने खुंटीवरची पिशवी काढायला गेले आणि पिशवी हातात येताच स्वच्छ म्हणाले, "पोदेर". तोच शब्द आदल्या दिवशी कार्डावर सायकल आणि टोपली बघून पंधरा मिनिटं आला नव्हता. आई पोयी (पाव) घ्यायचीच विसरली त्या दिवशी.

आता तक्रारी. वेटिंगमध्ये मोठा पोस्टर आहे, "मिरर न्यूरॉन थेरपी", त्याचं पॅकेज वेगळं आणि महाग. मिरर न्यूरॉन म्हणजे स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याची तीच कृती बघतानाही चेतणाऱ्या पेशी, त्या इटलीत पार्माला रिझोलाट्टींच्या टीमला १९९० च्या सुमारास सापडल्या हे खरं, पण सापडल्या माकडात, आणि माकड काही बोलत नाही. त्यावरून माणसाची भाषा, दुसऱ्याचं मन ओळखणं वगैरे सगळं जोडायचं हा वाद अजून चालू आहे. मॅडमना विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, तुमचं चाललंय ते चालू द्या. पॅकेज घेतलं नाही.

दुसरी तक्रार काउंटरची. बाबा समोर उभे असताना मला विचारतात, "ह्यांना समजतं का?" दर वेळी. अहो, शब्द गेले म्हणजे समजूतही गेलीच असं नसतं, हे स्पीच थेरपीच्या क्लिनिकमध्ये सांगावं लागतं? जूनमध्ये एकदा बाबांनी उत्तर दिलं, ती शिवी इथे टाइप करत नाही, पण उच्चार एकदम क्लियर होता.

शनिवारी ग्रुप असतो, तो चुकवू नका. चार पेशंट, पत्ते खेळतात, उतारी करायची तर काहीतरी बोलावंच लागतं, आणि बोलणं अडलं की समोरचा चेहरा बघून थांबतो, घाई करत नाही. घरी आम्हाला अजून तेवढा धीर नाही. कार्डांवर सफरचंद आणि बर्फातलं घर आहे, आम्ही आमची सोलां (आमसुलं), नारळ, विळी घेऊन जातो.

क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला आणि तो चढताना उजवीकडे, म्हणजे उजवा हात गेलेल्यांची पंचाईत, सोबत माणूस न्याच. चवथीच्या (गणपतीच्या) आठवड्यात बंद असतं, आधी फोन करून जा.