शीड घेऊ की काइट? हूड रिव्हरला उतरण्याआधी

पोर्टलँडकडच्या आम्हा मराठी मंडळींत उन्हाळा लागला की एखादा तरी विचारतोच, "हूड रिव्हरला क्लास लावायचाय. विंडसर्फिंग करू की काइट?" हूड रिव्हर हे ओरेगनमधलं, कोलंबिया नदीकाठचं गाव. विंडसर्फिंग म्हणजे फळीवर शीड उभारून वाऱ्यावर धावायचं, काइट म्हणजे फळीवर उभं राहून मोठ्या पतंगाच्या ओढीने. उत्तरं मिळतात ती सामानाची. काइट पाठीवरच्या पिशवीत मावतो, शीड-डोलकाठी-बूम (शीड धरायचा दांडा) न्यायला गाडीवर कॅरियर लागतो. काइटला कमी वारा पुरतो. शिडावर पहिल्याच दिवशी निदान उभं तरी राहता येतं, काइटचा पहिला दिवस वाळूतच जातो. सगळं खरं. पण मी आधी वेगळंच विचारतो: आपली चूक कुठवर पोचलेली चालेल तुम्हाला?

विंडसर्फरची डोलकाठी चार-साडेचार मीटरची. तोल गेला की तो शिडासकट जागच्या जागी पाण्यात. काइटवाल्याच्या दोऱ्या वीस ते चोवीस मीटर लांब आणि टोकाला फुगलेला पतंग. माणूस पडला तरी पतंग हवेत राहू शकतो, आणि मग मालकालाच फरफटत नेतो. दोघांना वाटेचे नियम एकच आहेत. ते पाळायला लागणारी जागा मात्र एक नाही.

नियम शिडाच्या होड्यांचेच. वारा उजव्या अंगावर घेणाऱ्याला आधी वाट, डाव्या अंगावर घेणाऱ्याने हटायचं. दोघांचं अंग एकच असेल, तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, असलेल्याने खालच्याला जागा द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने आपलं आपण सांभाळायचं. पाण्यात एवढा विचार करायला वेळ नसतो, म्हणून सोपी खूण: उजवा हात पुढे असेल तर हक्क आपला.

आता हे हूड रिव्हरला लावून बघा. उन्हाळ्यात समुद्रावरची गार हवा पूर्वेकडच्या तापलेल्या प्रदेशाकडे ओढली जाते आणि कोलंबिया नदीच्या घळईतून पश्चिमेचा वारा सुसाटतो. नदी वाहते त्याच्या उलट. ओरेगनच्या काठावरून उत्तरेला निघालात की वारा डावीकडून, म्हणजे हटायचं तुम्ही. परतताना हक्क तुमचा. समोर वॉशिंग्टनच्या काठावर, हॅचरी नावाच्या उतरायच्या जागी, बरोब्बर उलट: निघणारा हक्काचा, परतणारा हटणारा. वर काठाजवळची एक रीत आहे, की नुकत्या निघालेल्याला परतणाऱ्याने सांभाळून घ्यावं, कारण त्याच्या फळीला अजून वेग नसतो. ओरेगनच्या बाजूला नियम आणि रीत एकमेकांना छेदतात. उथळ पाण्यात मी तरी रीत पाळतो, खोल पाण्यात नियम.

हे शहाणपण मला शीड फाडून आलं. मी ओरेगनकडे परतत होतो, उजवा हात पुढे. समोरून एक काइटवाला निघाला होता, मान वर, नजर स्वतःच्या पतंगावर. हटायचं त्याने, म्हणून मी रेषा सोडली नाही. तो हटला, पण चुकीच्या बाजूने: माझ्या पश्चिमेकडून, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाने गेला. पतंग तर नेहमी मालकाच्या खालच्या अंगाला, म्हणजे थेट माझ्या डोक्यावर, आणि तोही खाली उतरलेला. दोरी डोलकाठीला घासली, पतंगाने गोता खाल्ला, आम्ही दोघंही पाण्यात. हक्क माझा होता, आणि फाटलेलं शीडही माझंच.

म्हणूनच शीड आणि काइट समोरासमोर आले की काइटवाल्याने खालच्या बाजूने जावं. शिडाने वरून जावं. मग दोऱ्या कुणाच्याच डोक्यावर येत नाहीत. दोन काइट एकमेकांना ओलांडताना वरच्याने पतंग उंच धरायचा, खालच्याने उतरवायचा. आणि काइट पाण्यात पडलेला दिसला, तर तो आणि त्याचा मालक यांच्या मधून कधीही जायचं नाही. फळीखालच्या फिनमध्ये, म्हणजे पात्यात, दोऱ्या अडकल्या की सोडवता सोडवता संध्याकाळ होते.

थोडक्यात, काइट निवडलात तर पुढचा माणूस, डोक्यावरचा पतंग आणि खालच्या अंगाची मोकळी जागा असे तीन हिशेब एकदम ठेवावे लागतात. उडी मारायची तर खाली निदान पन्नास मीटर रिकामे हवेत, कारण उडी नेहमी वाऱ्याबरोबर वाहत जाते. शिडाला यातलं बरंच माफ. मात्र शीडवाले त्याचा फायदा घेऊन काइटच्या गर्दीत खुशाल वळणं मारतात आणि वर काइटवाल्यांनाच नावं ठेवतात. मीही ठेवली आहेत.

त्यातल्या त्यात बरं हे, की दोघांची निघायची जागा वेगळी आहे. काइट उडतात ते हूड नदी कोलंबियाला मिळते त्या मुखाशी, 2006 च्या पुरात माउंट हूडवरून आलेल्या गाळाने वाढलेल्या वाळूच्या पट्ट्यावरून. शीडवाले बाजूच्या इव्हेंट साइटवरून सरळ पाण्यात. नदीच्या मधोमध दोघे भेटतात, आणि तिथे मालवाहू बार्ज येते. तिच्यापुढे उजवा हात, डावा हात काही चालत नाही. भोंगा आखूड पाचदा वाजला तर तो तुमच्यासाठीच आहे.

भांडण वरच्या पातळीवरही झालंय. मे 2012 मध्ये शिडांच्या खेळाच्या जागतिक संघटनेने 2016 च्या ऑलिंपिकसाठी विंडसर्फिंगच्या जागी काइटला घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवला. 2024 च्या ऑलिंपिकला मार्सेलच्या पाण्यात शेवटी दोघेही उतरले.

माझं मत विचाराल तर, आठवड्याला एकच दिवस मिळत असेल, तोही शनिवारी दुपारी, म्हणजे ऐन गर्दीत, तर शीड घ्या. मधल्या वारी मोकळं पाणी मिळत असेल आणि शिक्षकाबरोबर पुरेसे तास घालवून क्विक रिलीज (पतंगाची ओढ झटक्यात सोडवणारी कळ) डोळे मिटून ओढता येईपर्यंत थांबायची तयारी असेल, तर काइट. वर्ष-दोन वर्षांनी हलक्या वाऱ्याचे दिवसही हातचे जात नाहीत, हा त्याचा खरा फायदा.

हल्ली तिसराच प्रश्न येतो, विंग फॉइलचा: हातात धरायचा फुगवलेला पंख, आणि फळीला पाण्यावर उचलणारं खालचं पातं. ना लांब दोऱ्या, ना डोलकाठी, त्यामुळे झंझट कमी वाटते. पण विंग हातात धरली की खालच्या अंगाचं निम्मं पाणी तिच्याआड जातं, आणि वळायच्या आधी वाकून बघणारे मला अजून फार कमी दिसले आहेत.