एफ५ म्हणजे पेमेंट

आमची सुताची पेढी आहे, इचलकरंजीत. एकवीस वर्षं मी इथे हिशेब लिहिते आणि त्यातली वीस टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर गेली. त्यात कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या एकेका बटणाने एकेक प्रकारची नोंद उघडते: एफ४ कॉन्ट्रा (रोख-बँक), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. हे मला आठवावं लागत नाही. मी फोनवर दलालाशी भाव बोलत असते आणि खाली बोटं आपली आपण एंट्री करत असतात.

गेल्या एप्रिलपासून मालकांच्या मुलाने सगळा हिशेब ब्राउझरात चालणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर नेला. त्याला खरेदीसाठी कोइमतूरला गेल्यावर मोबाईलवर येणी बघायची असतात. कारण रास्त होतं, मी काही बोलले नाही. सॉफ्टवेअरचं नाव इथे लिहीत नाही, कारण मी लिहितेय ते ब्राउझरमधल्या ‘ॲप म्हणून इन्स्टॉल करा’ या सोयीबद्दल. तरी आधी तिची गरज का पडली ते सांगते.

पहिल्याच आठवड्यात बारा ओळींचं बिल भरलं. दारात टेम्पो उभा, हमाल हमालीला हात पुढे करून. टॅलीत असताना काय करायचे मी? कंट्रोल ए दाबून बिल स्वीकारायचं आणि त्याच हिसक्यात एफ५, म्हणजे हमालीचं पेमेंट. तसंच केलं. कंट्रोल एने अख्खं पान निळं झालं. ब्राउझरात त्याचा अर्थ ‘सगळं निवडा’. आणि एफ५ने पान रिफ्रेश झालं. बारा ओळी गेल्या. हमाल म्हणाला, ‘ताई, लाईट गेली काय?’

मग एकेक कळत गेलं. एफ६ दाबलं की कर्सर उडी मारून वर पत्त्याच्या पट्टीत. एफ७ दाबलं की ब्राउझर कसल्याशा कर्सरबद्दल परवानगी विचारणार. एफ१२ला टॅलीत मी कॉन्फिगरेशन बघायचे, इथे उजवीकडे प्रोग्रामर लोकांचा कारखाना उघडतो. दुपारपर्यंत मी नवीन पोरीसारखी कीबोर्डकडे बघून काम करायला लागले होते.

भाचा संगणकाचं शिकतोय. तो आला आणि दोन मिनिटांत क्रोममध्ये तीन टिंबांचा मेनू, त्यात ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’, त्यात ‘इन्स्टॉल पेज ॲज ॲप’ असं करून दिलं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरातही हेच होतं, तिथे मेनूत ‘ॲप्स’ नावाखाली आहे. डेस्कटॉपवर चिन्ह आलं, ते त्याने टास्कबारवर पिन केलं. आता उघडलं की स्वतंत्र खिडकी. वर पत्त्याची पट्टी नाही, शेजारी टॅब नाहीत.

याचा उपयोग झाला, हे आधी मान्य करते. पूर्वी जीएसटीचं पोर्टल, ई-वे बिल, बँक, व्हॉट्सॲप वेब आणि आमचा हिशेब एकाच रांगेत चिमणीएवढे टॅब होऊन बसायचे. २० तारखेला जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या गडबडीत कंट्रोल डब्ल्यू मारून मी पोर्टल बंद करायला जायचे आणि बंद व्हायचा हिशेब. आता आल्ट टॅब केलं की हिशेब वेगळा सापडतो. वरच्या पट्ट्या गेल्यामुळे बिलाच्या दोन ओळी जास्त दिसतात. आमचा मॉनिटर जुना, चौकोनी आहे. त्यावर दोन ओळी म्हणजे पुष्कळ.

पण एफ५? तसंच. खिडकी नवी, आत ब्राउझर तोच, रिफ्रेशही तोच. ब्राउझर ज्यात लॉगिन लक्षात ठेवतो त्या कुकीजही त्याच. एकदा बँकेचं पान अडकलं म्हणून मी सवयीने कुकीज पुसल्या, तर हे नवं ‘ॲप’सुद्धा लॉगआउट. ओटीपी गेला मालकांच्या मुलाच्या मोबाईलवर. तो रेल्वेत, रेंज नाही. संध्याकाळी सातपर्यंत बिलं हाताने वहीत लिहिली.

छपाईचं वेगळंच रामायण. आमचं बिल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, अर्ध्या पानावर, कार्बनच्या तीन प्रती. ब्राउझरातून छापलं की प्रिंटर अक्षरं न छापता चित्र काढल्यासारखा एकेका ओळीवरून रेंगाळत जातो. समास वेगळा, ‘हेडर्स अँड फूटर्स’ची खूण काढायला विसरलं की बिलाच्या खाली लांबलचक वेबपत्ता. एका गिऱ्हाईकाने तो पत्ता आमचा समजून विचारलं, ‘ऑनलाइन पण सुरू केलं का सूत?’

भाच्याला म्हटलं, मला खरंखुरं डेस्कटॉप सॉफ्टवेअर पाहिजे. तो हसला. म्हणे मावशी, हल्लीची बरीच डेस्कटॉप सॉफ्टवेअरंही आतून ब्राउझरच असतात. वेबपानांपासून डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवायची इलेक्ट्रॉन नावाची चौकट आहे, २०१३ साली गिटहब या कंपनीने ती दुसऱ्या नावाने काढली होती. ऑफिसातल्या गप्पांचं स्लॅक, प्रोग्राम लिहायचं व्हीएस कोड त्यावरच चालतात. असू देत की. पोटात काय आहे ते मी बघायला जात नाही. कीबोर्ड माझं ऐकतो का, प्रिंटर नीट चालतो का, एवढंच मी बघते.

आणि त्यानेच पुढे सांगितलं ते ऐकून तर माझा रागच वाढला. एफ५ दाबलं तर रिफ्रेश होऊ न देता स्वतःचं काम करायचं, हे वेबसाइटला साध्या टॅबमध्येही करता येतं. कंट्रोल डब्ल्यू, कंट्रोल एनसारख्या काही कळा क्रोम टॅबमध्ये स्वतःकडे राखून ठेवतो, पण ॲपच्या खिडकीत त्याही वेबसाइटला वापरू देतो. म्हणजे ब्राउझरने दार उघडं ठेवलंय, हे सॉफ्टवेअरवालेच आत येत नाहीत. त्यांना फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली, ‘मॅडम, वर डाव्या बाजूला प्लसचं चिन्ह आहे, माऊसने त्यावर क्लिक करा.’ दिवसाला सत्तर एंट्र्या, प्रत्येकीला माऊस. मनगट माझं आहे.

तर, इन्स्टॉलच्या सोयीला पाचपैकी साडेतीन तारे. फुकट आहे, दोन मिनिटांत होते, टॅबांच्या गर्दीतून सुटका करते. ज्यांचं काम मुळात माऊसने चालतं त्यांनी आजच करून घ्यावी. सॉफ्टवेअरवाल्यांना दीड, तोही मोबाईलवर येणी नीट दिसतात म्हणून.

मी माझ्यापुरता तोडगा काढलाय. स्कूटीच्या किल्लीने कीबोर्डवरचं एफ५चं बटण उचकटून काढलं. बोट तिथे गेलं की खड्डा लागतो आणि हात थांबतो. बटण ड्रॉवरमध्ये शिक्क्यांच्या डबीत ठेवलंय. जुना टॅलीचा कॉम्प्युटर कोपऱ्यात अजून सुरू आहे. जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, त्यामुळे तो कुणी हलवत नाही. मागच्या वर्षाचं काही बघायचं असलं की मीच जाते. परवा उगाच एकदा त्याच्यावर एफ५ दाबून बघितलं. पेमेंट व्हाउचर उघडलं. एस्केप दाबलं आणि परत जागेवर येऊन बसले.