पुण्यातील एका मानसोपचार केंद्राचा चार महिन्यांचा अनुभव

‘प्रत्येकासाठी स्वतंत्र आणि सर्वांगीण उपचार’ अशी पाटी असलेल्या पुण्यातील एका केंद्रात गेले चार महिने आईवर उपचार सुरू आहेत. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही करायची आहे.

आईचे वय ६३. वर्षभर तिला पहाटे चारलाच जाग येत असे, जेवणावर वासना नव्हती आणि ‘डोक्यात मुंग्या येतात’ याखेरीज ती काही सांगत नव्हती. पहिली भेट सव्वा तास चालली. मानसोपचारतज्ज्ञांनी घरातील झाडून सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली होती. त्या पिशवीतून रोजची झोपेची गोळी निघाली आणि शेजारणीने दिलेले अश्वगंधा चूर्णही. आम्ही ते चूर्ण औषधात धरलेच नव्हते. त्याने गुंगी वाढू शकते आणि थायरॉईडच्या संप्रेरकांवरही परिणाम होऊ शकतो, हे समजावून डॉक्टरांनी ते बंद केले; झोपेची गोळी मात्र एकदम न तोडता हळूहळू कमी केली. रक्ताच्या तपासण्यांत थायरॉईड ठीक निघाले, बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ‘याने सगळे सुटेल असे नाही, पण भरून काढू,’ असे सांगून त्यांनी नैराश्यावरील गोळी अगदी कमी मात्रेत सुरू केली आणि तिचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, हेही आधीच बजावले.

मला सर्वांत आवडले ते समुपदेशक बाईंचे काम. आई भजनी मंडळात जाणे सोडून बसली होती. ‘पुन्हा जायला लागा’ असा उपदेश न करता बाईंनी विचारले, “काकू, टाळ कुठे ठेवलेत?” आई म्हणाली, “माळ्यावर.” पहिल्या आठवड्याचा गृहपाठ एवढाच होता, की टाळ खाली काढून घ्यायचे. दुसऱ्या आठवड्यात ते चिंचेने घासायचे, तिसऱ्यात मंडळातल्या एका मैत्रिणीला चहाला बोलवायचे. आधी उत्साह येईल आणि मग माणूस हलेल, अशी वाट न पाहता छोट्या कृतीपासून सुरुवात करायची, ही नैराश्यावरील मान्यताप्राप्त पद्धत आहे. पण ती आईच्या माळ्यापर्यंत पोहोचली, याचे श्रेय बाईंचे. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १७ असलेले आईचे गुण आता ८ वर आले आहेत. (या परीक्षेत गुण कमी झालेले चांगले, हे आईला अजून पटत नाही.)

आता तक्रार. स्वागतकक्षात पहिल्याच दिवशी आमच्यापुढे बारा भेटींचे आगाऊ पैशांचे पॅकेज ठेवले गेले, ज्यात शिरोधारा (कपाळावर तेलाची धार सोडण्याचा आयुर्वेदिक उपचार) आणि ‘तुमच्या जनुकांनुसार औषध’ ठरवणारी तपासणी होती. शिरोधारेने आराम वाटत असेल, त्याला माझी हरकत नाही. पण जनुकीय तपासणीतून काही औषधे शरीरात किती वेगाने पचतात याचा अंदाज येतो. कोणत्या गोळीने बरे वाटेल, हे ती सांगत नाही. ‘स्वतंत्र उपचार’ म्हणून नेमकी तीच विकली जावी, याचा मला राग आला. शिवाय विम्याचे पैसे मिळतील हे तोंडी आश्वासन फोल ठरले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे, हे खरे. परंतु आमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चच, म्हणजे रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च, येत नव्हता.

प्रत्येक भेटीचे शुल्कही सर्वांना परवडणारे नाही. ज्यांना तातडीने कोणाशी तरी बोलायचे आहे, त्यांच्यासाठी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

अशा केंद्रात जाणार असाल, तर सकाळची पहिली वेळ घ्या. नंतर तासभर खोळंबा होतो. आम्ही पॅकेज नाकारून भेटीगणिक पैसे देतो आणि त्यामुळे उपचारात कुठेही कमी पडलेले नाही. पॅकेजचा विषय निघालाच, तर ‘डॉक्टरांना विचारून सांगतो’ एवढेच म्हणावे. डॉक्टरांनी स्वतःहून ते आम्हाला एकदाही सुचवलेले नाही.