लाइफ जॅकेट चांगलं, क्लिप भिकार: महेश्वरच्या नावेत काही महिने

नारिंगी, फोमवालं, 50 न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचं माप), ऑनलाइन सगळीकडे दिसतं तेच. वैशिष्ट्यं कंपनीच्या पानावर आहेत. मी क्लिपबद्दल बोलणार आहे.

पण आधी, अठराशे रुपये का घातले ते. इंदूरहून आमचं नर्मदाकाठच्या महेश्वरला वरचेवर जाणं असतं. घाटावरून नदीतल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत नावेतून जायचं आणि परत. नावेत जॅकेटं असतात, पण लोक ती फळीवर टाकून वर बसतात. फोमचा पापड झाल्यावर ते कुणाला तरंगवणार? त्यात 2005 ला नर्मदेवरच्याच धाराजीला इंदिरासागर धरणाचं पाणी अचानक वाढून यात्रेकरू वाहून गेले, तेव्हापासून नाव म्हटलं की आई धास्तावते. म्हटलं, एकदाचं स्वतःचं घेऊन टाकू.

फोम उत्तम. दोन पायांमधून जाणारा पट्टा मात्र सुरुवातीला मला थोतांड वाटला. काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात तो न लावता बसून पाहिलं, तर जॅकेट कानापर्यंत वर आलं आणि तोंड पाण्यात. आता पट्ट्याशिवाय नावेत चढत नाही. आणि हो, 50 न्यूटन हे पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळच्या पाण्यासाठी. बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. पोहता येत नसेल तर 100 चं घ्या.

नावेऐवजी मोठ्या बोटीतून जाऊ म्हणाल, तर तिची वाट बघू नका. 1767 साली सत्ता हाती आल्यावर अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणली, घाट बांधले. पण खाली सहस्रधारेला नदी काळ्या बेसाल्टच्या खडकांत फुटते. भडोचकडून येणाऱ्या गलबतांना इथवर वाटच नव्हती. 2016 च्या कायद्यानं नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग झाली, तीही खंभातच्या आखाताकडून 226 किलोमीटरच. महेश्वर त्याच्या पुष्कळ वर राहिलं. म्हणजे इथे साधी नाव आणि अंगात जॅकेट, एवढंच.

आता क्लिप. तीन आहेत. मधलीचा एक दात उन्हानं कडक होऊन ऐन बाणेश्वरापाशी तुटला. दाबली तरी 'कट' वाजेना. पट्टा ढिला तो ढिलाच. कंपनीला फोन केला. "सर, पूर्ण जॅकेट पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा." नुसती क्लिप द्या म्हटलं, तर सुटी मिळत नाही. वॉरंटी आहे, पण प्लॅस्टिकच्या भागांना नाही. अहो, मग जॅकेटात प्लॅस्टिक सोडून आहे काय? हुज्जत घालून थकलो. शेवटी राजवाड्याजवळच्या बॅग दुरुस्तीवाल्यानं वीस रुपयांत जाड क्लिप शिवून दिली. आता तीच सगळ्यांत दणकट आहे. बाकीच्या दोन्हीही बदलून घेणार. जॅकेट वाळवायचं ते सावलीतच, हेही लक्षात ठेवा.

पाचपैकी दोन तारे देणार होतो. हे लिहून ठेवलं आणि कंपनीकडून पाकीट आलं, फुकट क्लिप! म्हणून तीन करतो. चौथा देणार नाही, कारण पाकिटात निघाली फक्त खाचेची बाजू. तुटली होती दाताची. कुणाला ही अर्धी क्लिप हवी असेल तर सांगा, कुरिअरचा खर्च तुमचा.