आगर की सडा? कोकणात कुत्र्यासह घर करताना

नोकरीतून मोकळे झाल्यावर कोकणात घर बांधावे, थोडी बाग करावी आणि सोबत एखादे दांडगे कुत्रे असावे, असा विचार करणाऱ्यांना रत्नागिरी जिल्ह्यात बहुधा दोन प्रकारच्या जागा दाखवल्या जातात. एक म्हणजे समुद्राच्या किंवा खाडीच्या काठचे नारळी-पोफळीचे आगर आणि दुसरी म्हणजे वर सड्यावरची, आंबा-काजूसाठी विकली जाणारी कातळाची जमीन. आमचे आगर गुहागर तालुक्यात आहे, तर मावसभावाची कलमे तिथून अर्ध्या तासावर सड्यावर आहेत. आमचा बंड्या हा गावठी कुत्रा गेली आठ वर्षे दोन्हीकडे सारख्याच हक्काने वावरत असल्यामुळे ही तुलना बरीचशी त्याच्या मागे धावताना झालेली आहे.

आधी पाण्याचे पाहावे. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडूनही सड्यावर एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो, कारण जांभ्यात मुरलेले पाणी उताराने खाली निघून जाते. आगरात आठ-दहा हातांवर पाणी लागते. मात्र समुद्र फार जवळ असेल आणि पंपाने उपसा जास्त झाला, तर तेच पाणी मेमध्ये मचूळ होते. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला साधारण 40 लिटर पाणी लागते. माडांमध्ये साडेसात मीटरचे अंतर ठेवले तर दहा गुंठ्यांत जेमतेम 18 माड बसतात, म्हणजे रोजचे 700 लिटर केवळ माडांचे झाले. पोफळी, केळी आणि जायफळ यांचा हिशेब वेगळा. हापूसचे कलम एकदा रुजले की त्याला पाणी लागत नाही, परंतु पहिली तीन-चार वर्षे ते जगवावे लागते. कातळात मीटरभर खोल खड्डा फोडून त्यात बाहेरून आणलेली माती भरण्याचा खर्च तर जमिनीच्या किमतीत कोणीच धरत नाही.

संकटेही दोन्हीकडे निराळी आहेत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा आडव्या केल्या. पोफळ नव्याने लावून उत्पन्नावर यायला सहा-सात वर्षे जातात, हे लक्षात घेतले की त्या नुकसानीचा आवाका कळतो. सड्यावर भीती असते ती वणव्याची. दिवाळीनंतर गवत वाळते आणि पुढे कुणाच्या विडीच्या थोटकाने कलमे होरपळतात. म्हणून बागेभोवती गवत कापून जाळरेषा काढणे हे तिथले दरवर्षीचे काम आहे.

आता मुख्य प्रश्न कुत्र्याचा. कातळाचे मोकळे मैदान पाहून शहरातल्या माणसाला वाटते की कुत्र्याला धावायला हीच जागा. बंड्यालाही तसेच वाटते, कारण तिथे ससे आणि टिटव्या असतात. मात्र रत्नागिरीचा सडा हे फुरसे या विषारी सापाचे माहेरघर आहे. एका मार्गशीर्षात गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, ढासळलेला भाग रचताना मावसभावाने एक चिरा उचलला, तेव्हा खाली वीत-दीड वीत लांबीचे, मातीच्याच रंगाचे वेटोळे होते. ते अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करत होते, आणि त्या आवाजाकडे कान टवकारून बंड्या नाक पुढे नेत होता. मी त्याला शेपटीला धरून मागे ओढले. त्याबद्दल तो दिवसभर माझ्यावर रुसला होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या दंशानंतर द्यायची प्रतिविषाची लस माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही देतात, परंतु ती ठेवणारा जनावरांचा डॉक्टर किती अंतरावर आहे, हे जमीन घेण्याआधी विचारावे.

साप आगरातही असतात, विशेषतः झावळ्यांच्या आणि सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगात. पण तिथला खरा पाहुणा वानर. नारळाची कोवळी फळे आणि केळफूल यांची तो नासाडी करतो, आणि कुत्रा पाळला की हा त्रास संपतो हा समज पहिल्या हंगामापुरताच टिकतो. बंड्या भुंकत गेला की टोळी पोफळींवर चढते आणि तो खळ्यात, म्हणजे अंगणात, परतला की उतरते. एकदा तर गडग्यावर बसलेल्या हुप्प्याने त्याला कानफटात मारली, तेव्हापासून तो खळ्याच्या कडेवरूनच भुंकतो.

बिबट्याच्या बाबतीत दोन्ही जागांमध्ये फरक करता येत नाही. कुत्रा हे त्याचे सोपे भक्ष्य आहे, त्यामुळे कुत्र्याला अंगणात मोकळे किंवा साखळीने बांधून झोपवू नये. गज लावलेली बंद पडवी हवी. रानडुकरांसाठी कुणी तारेची फासकी लावायला सुचवले तर ऐकू नये, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे आणि त्या तारेत बिबट्यासोबत आपलेच कुत्रेही अडकते. विहिरीला कठडा दोन्हीकडे हवाच.

किनाऱ्याची एक अट मात्र सड्याला नाही. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि मेपर्यंत पिल्ले बाहेर पडतात. घरटी उकरून अंडी खाण्यात कोल्ह्यांइतकीच कुत्रीही पटाईत असतात. ज्या सात महिन्यांत पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, फिरायला खरी मजा येते, त्याच काळात कुत्र्याला पट्ट्याने धरून न्यावे लागेल, आणि हे ज्याला जमणार नाही त्याने पुळणीलगतचे घर घेऊ नये. शिवाय भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध लागू होतात, तेव्हा जुने घर दुरुस्त करायचे असले तरी आधी चौकशी करावी.

गोचिडी दोन्हीकडे आहेत. सड्यावर गवतामुळे जरा अधिक. आगरात पावसाळ्यातील दमटपणाने कुत्र्याचे कान आणि पंजे चिघळतात, आणि उंदरांमुळे लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवून चालत नाही.

माझे मत विचाराल तर, बारा महिने राहणाऱ्याने कुत्र्यासह दहा-पंधरा गुंठ्यांचे, चारही बाजूंनी चिऱ्याचा गडगा आणि भक्कम बेडे (फाटक) असलेले आगर घ्यावे, मग समुद्र दिसला नाही तरी चालेल. एवढ्या जागेला गडगा घालणे आवाक्यात असते. सड्यावरच्या दोन एकरांना तो परवडत नाही आणि तारेखालून कुत्रे बाहेर जाते व डुक्कर आत येते. शनिवार-रविवारपुरते येणाऱ्याने सड्यावर कलमे लावावीत, पण कुत्रा राखणदाराच्या भरवशावर तिथे सोडू नये. विकणारे जागा दाखवतात ती बहुधा दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा दोन्हीकडच्या विहिरी भरलेल्या असतात. आपण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा जावे, कळशी स्वतः विहिरीत सोडावी आणि वर आलेले पाणी चाखून पाहावे.