आधी कॉलेज फुटबॉल की एनएफएल?

अमेरिकेत शिकायला गेलेल्या भाचीचा प्रश्न: "मामा, शनिवारी कॉलेजचा सामना बघू की रविवारी एनएफएलचा?"

एनएफएल म्हणजे तिथली व्यावसायिक लीग, आणि फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. मूळ नियम दोन्हीकडे तोच. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरका, नाहीतर चेंडू समोरच्यांना. फरक बारकाव्यांत आहे. कॉलेजात झेल घेताना एक पाय मैदानाच्या आत टेकला तरी पुरे, एनएफएलमध्ये दोन्ही पाय टेकावे लागतात. बाजूच्या रेषेवर, पायांची बोटं गवतात घासत घेतलेला तो झेल बघताना माझा श्वास थांबतो! कॉलेजात चेंडू घेऊन पळणाऱ्याचा गुडघा टेकला की तो प्रयत्न तिथेच संपला, एनएफएलमध्ये प्रतिस्पर्ध्याचा हात लागलेला नसेल तर उठून पळता येतं. एनएफएलमध्ये संघ ३२च, त्यामुळे एखादा धरून ठेवणं सोपं.

नियम समजून घ्यायचे, मैदानावरचा जल्लोष अनुभवायचा, तर कॉलेज. एकच संघ धरून डावपेच शिकायचे, तर एनएफएल. भाचीला मी शनिवारच सुचवला.